उसात जन्मलेला बिबट्या वेगळ्या जातीचा झालाय का?

जुन्नर भागातल्या एका शेतकऱ्याने विचारलंय: "आमच्याकडे तीस-पस्तीस वर्षं बिबटे उसातच जन्मतात आणि उसातच वाढतात. जंगल त्यांनी पाहिलेलंही नाही. मग ही बिबट्याची नवीच जात तयार झाली असं म्हणायचं का? आणि प्राणी इतक्या लवकर परिस्थितीशी जुळवून घेत असतील, तर त्यांना वाचवायला एवढा आटापिटा कशाला? ते आपोआप बदलतीलच की."

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. जातीचं उत्तर सरळ आहे: नाही, नवी जात झालेली नाही. पण ‘आपोआप बदलतीलच की’ या वाक्याची मला जास्त काळजी वाटते. वीस-बावीस वर्षं मी वन्यप्राण्यांच्या मागे फिरतोय आणि हे वाक्य मी पारावरच्या बैठकीतही ऐकलंय, शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळा घोळ ‘जुळवून घेणं’ या शब्दात आहे. गावाकडचा मुलगा मुंबईला गेला की महिन्याभरात लोकलच्या गर्दीत चढायला शिकतो. आपण म्हणतो, जुळवून घेतलं त्याने. मुलगा तोच असतो, चार गोष्टी शिकलेला असतो इतकंच. आता तुमच्या कांद्यावरचे थ्रिप्स बघा. ज्या औषधाच्या एका फवारणीत पूर्वी काम भागायचं, ते आज तीनदा मारलं तरी कीड दाद देत नाही. इथे कुठल्याही एका किड्याने औषध पचवायला शिकून घेतलेलं नसतं. लाखोंमध्ये थोडे जन्मतःच चिवट होते. बाकीचे मेले, हे उरले आणि पुढची सगळी पैदास यांचीच झाली. एकेक किडा जसा होता तसाच राहिला, वावरातली त्यांची जमात मात्र बदलली. उत्क्रांती म्हणतात ती ही. आपल्या भाषेत दोन्हींना ‘जुळवून घेणं’ हा एकच शब्द आहे, म्हणून एकाचा पुरावा आपण दुसऱ्याला लावून मोकळे होतो.

या दोन्हींच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे. ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या जंगलात ग्रेट टिट या वल्गुलीच्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांची नोंद १९४७ पासून सलग ठेवलेली आहे. वसंत ऋतू लवकर यायला लागला तशी ही पाखरं जवळपास दोन आठवडे आधी अंडी घालायला लागली. त्यातला बराचसा बदल रक्तात झालेला नाही. तीच मादी उबदार वर्षी लवकर आणि थंड वर्षी उशिरा अंडी घालते. तेवढी लवचीकता तिच्या शरीरात पहिल्यापासूनच आहे. पण तिलाही मर्यादा असते, ताणून ताणून किती ताणणार?

आता बिबट्या. कुकडीच्या धरणांचं पाणी आलं, कोरडवाहू शिवार बागायती झालं आणि ऊस उभा राहिला. आडसाली लागण जुलै-ऑगस्टला, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, सुरू जानेवारी-फेब्रुवारीला, वर तोडलेल्या उसाचा पुन्हा फुटलेला खोडवा आहेच. त्यामुळे ऊसतोड ऐन भरात असतानाही शिवारात कुठे ना कुठे डोक्याएवढा फड उभाच असतो. मादीला पिल्लं घालायला आडोसा लागतो, पाणी लागतं आणि जवळ खाणं लागतं. तिन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळाल्या.

खाण्याचं म्हणाल तर अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास बोलका आहे. जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या त्या खोऱ्यात १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव प्राणी होते आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. मी स्वतः कित्येक वर्षं विष्ठेचे नमुने चाळणीत घालून नळाखाली धुतलेत, उन्हात वाळवलेत आणि त्यातले केस काचपट्टीवर ठेवून त्यांच्या गाभ्याची नक्षी ओळखत बसलोय. उसाच्या पट्ट्यातल्या नमुन्यात कुत्रा, शेळी, मांजर, डुक्कर, मधूनच उंदीर. एकदा तर कुत्र्याच्या गळ्यातल्या नायलॉनच्या पट्ट्याचा बोटभर तुकडा निघाला, त्याची शिवण शाबूत होती.

पण यातलं काहीही बिबट्याने उसासाठी नव्याने कमावलेलं नाही. आफ्रिकेच्या माळांपासून रशियाच्या बर्फापर्यंत हाच प्राणी राहतो. माकड, भेकर, ससा, कोंबडी, मिळेल ते खातो, थोड्या आडोशात दिवस काढतो आणि रात्री बाहेर पडतो. ऊस त्याच्या जुन्या भांडवलात बसला, एवढंच. बाकीचं पिल्लं आईबरोबर राहून शिकतात. दीड-दोन वर्षं ती तिच्या मागे असतात. कुठल्या वस्तीवर कुत्रं मोकळं असतं, कुठल्या बांधावरून माणसं उशिरापर्यंत जातात, मोटार चालू झाली की कुठे दबून बसायचं, हे सगळं तिच्याकडून येतं.

ऊसतोडीत पिल्लं सापडली की ती आईकडे परत पोचवायच्या कामात मी अनेकदा होतो. एका रात्रीचं सांगतो. दोन पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेली. नारायणगावच्या बाजारात असतो तसा टोमॅटोचा क्रेट, त्यात पिल्लं, वर दुसरा क्रेट पालथा, आणि ती सापडली त्याच सरीत तो ठेवलेला. आम्ही लांब गाडीत काचा लावून. साडेनऊच्या सुमारास मादी आली. आधी लांबून एक फेरी मारली, मग पंजाने वरचा क्रेट ढकलला, एक पिल्लू मानेला धरून नेलं आणि पाऊण तासाने दुसऱ्यासाठी परत आली. सकाळी ठसे पाहिले तर ती गेली होती ओढ्यापलीकडच्या उभ्या आडसालीत. डोंगर तिथून फार लांब नव्हता. तिच्या माहितीतली सुरक्षित जागा ऊस होती.

म्हणून ‘जंगल त्यांनी पाहिलेलं नाही’ हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण त्यावरून जात बदलली असं होत नाही. मादीला पहिली वीण तिसऱ्या वर्षाच्या आसपास होते, आणि सरासरी धरली तर दोन पिढ्यांतलं अंतर सहा-सात वर्षांचं. म्हणजे पस्तीस वर्षांत पाच-सहा पिढ्या. शिवाय उसातला बिबट्या उसातच कोंडलेला नाही. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर २००९ मध्ये गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. ‘आजोबा’ नाव ठेवलं होतं त्याचं. महिन्याभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. असे नर फिरत असतात तोवर सह्याद्रीचं आणि उसाचं रक्त एकमेकांत मिसळतच राहतं. वेगळेपण साठायला जो आडपडदा लागतो, तोच इथे नाही.

इथे प्रामाणिकपणे एक ‘पण’ घातला पाहिजे. उसात निवड चाललेली असू शकते. जो बिबट्या दिवसाउजेडी फिरतो, माणसाला बिचकत नाही, तो पिंजऱ्यात जातो किंवा महामार्गावर गाडीखाली येतो. जो बुजरा आहे तो टिकतो आणि त्याची पिल्लं वाढतात. हा बुजरेपणा काही अंशी जरी आईबापांकडून येत असेल, तर पिढ्यांमागून पिढ्या बुजऱ्यांचं प्रमाण वाढेल. मात्र ते ठरतं तीन गोष्टींवर: स्वभाव कितपत वारशाने येतो, पकडले-मारले जाणारे खरोखर धीटच असतात की मिळेल तो, आणि बाहेरून किती बिबटे येऊन मिसळतात. कुणी मला ‘अमुक प्राणी उत्क्रांत झाला’ असं सांगितलं की मी हेच विचारतो. बदल त्याच जनावरात झाला की पुढच्या पिढीत? तो वारशाने आलाय की शिकून? आणि ज्यांच्यात तो नव्हता, त्यांचं काय झालं?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं हातात असलेलं उदाहरण म्हणून मी नेहमी डॅफ्ने मेजरचं देतो. प्रशांत महासागरातल्या गालापागोसमधलं हे जेमतेम ८५ एकरांचं बेट, म्हणजे आपल्याकडची एक वाडी. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून तिथे जाऊन फिंच पाखरं मोजत होतं. प्रत्येकाच्या पायात रंगीत कड्या, प्रत्येकाच्या चोचीची मापं, कोणाची पिल्लं कोण याची नोंद. जाड चोचीच्या आईबापांना जाड चोचीची पिल्लं होतात, हे त्यांच्या नोंदींतून आधीच स्पष्ट झालेलं होतं.

१९७७ मध्ये पाऊस पडला नाही. एरवी त्या हंगामात १३० मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्या वर्षी २४. गवताचं बारीक बी पाखरांनी पहिल्या काही महिन्यांत संपवलं. उरलं ते कठीण बी, त्यात मुख्य सराट्याचं. आपल्या माळावर अनवाणी पायात रुततो त्या सराट्याचाच हा भाऊबंद. हातात घेऊन बघा, ते काटेरी बोंड फोडायला अडकित्ता लागेल. ज्या पाखराची चोच खोल आणि जाड, त्याला ते फुटायचं. बाकीची एका बोंडापाशी झगडून सोडून द्यायची. शंभरातली पंच्याऐंशी पाखरं गेली. वाचलेल्यांच्या चोचीची खोली सरासरीने अर्धा मिलिमीटर जास्त भरली, आणि पुढच्या वर्षी त्यांची पिल्लंही मोठ्या चोचीची निघाली.

अर्धा मिलिमीटर! आणि त्यासाठी शंभरातली पंच्याऐंशी. ‘प्राणी जुळवून घेतात’ हे वाक्य कानावर पडलं की मला हा हिशेब आठवतो. कुठल्याही पाखराची चोच त्या दुष्काळात वाढली नाही. ज्यांची आधीच तशी होती ती उरली.

पुढची गोष्ट तितकीच महत्त्वाची. १९८३ च्या सुमारास एल निनोमुळे त्या बेटावर तुफान पाऊस झाला, वेली माजल्या, बारीक बियांचा ढीग पडला. त्यानंतरच्या कोरड्या काळात लहान चोचीची पाखरं सरस ठरली आणि सरासरी उलटी फिरली. २००४-०५ च्या दुष्काळात तर तोच सराटा असून मोठ्या चोचीची पाखरं मेली, कारण तोवर त्यांच्याहून थोराड चोचीची दुसरी जात बेटावर येऊन स्थिरावली होती आणि सराटा तीच फस्त करत होती. म्हणजे ‘पुढे पुढे सुधारत जाणं’ असं यात काही नाही. त्या त्या वर्षी, त्या त्या शेजाऱ्यांत जे टिकतं ते टिकतं.

माणसाच्या दाबाखालीही हेच घडतं. मोझांबिकमधल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात १९७७ ते १९९२ या यादवी युद्धात हस्तिदंतासाठी आणि मांसासाठी हत्तींची कत्तल झाली, शंभरातले नव्वदहून अधिक गेले. युद्धापूर्वी साडेअठरा टक्के माद्या बिनसुळ्यांच्या होत्या, युद्धानंतर पन्नास टक्क्यांच्या आसपास. सुळे नव्हते म्हणून गोळीतून सुटल्या. पण ज्या जनुकामुळे हे होतं ते नराच्या गर्भाला घातक आहे. अशा मादीच्या पोटची नर पिल्लं निम्मी जन्मतच नाहीत. कळप शिकारीशी ‘जुळला’, पण त्याची किंमत पुढच्या पिढ्या भरतायत.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. सगळ्यांनाच हे का जमत नाही? उंदीर आणि गिधाड शेजारी ठेवून बघा. वॉरफरिन हे उंदरांचं विष १९५० च्या सुमारास वापरात आलं आणि १९५८ मध्येच स्कॉटलंडमध्ये त्याला न जुमानणारे उंदीर सापडले. उंदराची मादी काही महिन्यांत वयात येते, वर्षातून अनेकदा विते, संख्या अफाट. एवढ्यांत कुठेतरी दोन-चार चिवट निघतातच, आणि बाकीचे मेले तरी भरून काढायला वेळ लागत नाही.

गिधाड पाचेक वर्षांचं झाल्यावर वीण सुरू करतं आणि वर्षाला एकच अंडं घालतं. गुराढोरांना द्यायचं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्याच्या पोटात गेलं की मूत्रपिंड बंद पडतं. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात एक उरली. या काळात औषध पचवणारी गिधाडं पुढे आली नाहीत. निवडायला काही असावं लागतं ना? आणि असलं तरी वर्षाला एका अंड्यावर ती घसरण भरून कशी निघणार? गिधाडांना जी काही उसंत मिळाली ती २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली म्हणून.

आपला माळढोक त्याच वाटेवर आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा त्याची डोकं वर करून चालायची ऐट बघत राहिलो होतो. एक अंडं, तेही उघड्या जमिनीवर. डोळे बाजूला, त्यामुळे उडताना समोरची वीजतार वेळेवर दिसत नाही आणि वजन इतकं की ऐन वेळी वळता येत नाही. तार चुकवणारे माळढोक निवडीतून तयार होतील तोवर माळढोकच उरायचे नाहीत.

बदल दिसला की तो उपयोगाचाच असतो, असंही नाही. ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये काळ्या पट्ट्यांचे वाघ बरेच आहेत, पट्टे इतके रुंद आणि मिसळलेले की वाघ जवळजवळ काळा दिसतो. वर्तमानपत्रांत लगेच ‘दाट जंगलासाठी अनुकूलन’ वगैरे छापून येतं. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की हा एका जनुकातल्या एका अक्षराचा फरक आहे, आणि तो तिथे एवढा पसरण्यामागे त्या वाघांचं थोडकेपण आणि एकटेपण मोठं कारण आहे. गाव लहान, बाहेरची सोयरीक बंद, मग एखाद्या घराण्याची खूण सगळ्या गावात दिसायला लागते, तसंच. म्हणून तर २०२४ च्या अखेरीस ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तिकडे नेल्या. बाहेरचं रक्त मिसळावं, निवडीला पुढे काही हाताशी असावं, यासाठी. संख्या मोठी ठेवणं आणि येण्याजाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणं हे संवर्धनातलं निम्मं काम आहे, आणि ‘आपोआप’ बदलायचं असेल तर त्यासाठीही तेच लागतं.

मग तुमच्या शिवारात या सगळ्याचा उपयोग काय? तुमच्याकडे माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत, त्यामुळे हे मी पुस्तकी म्हणून लिहीत नाही. उसातल्या बिबट्याचं वागणं बहुतांशी शिकलेलं आहे, आणि हे लक्षात न घेतल्याची किंमत जुन्नरने मोजलेली आहे. २००१ ते २००३ या काळात तिथले बिबटे मोठ्या संख्येने पकडून लांबच्या जंगलात सोडले गेले. माणसांवरचे हल्ले आधीच्या काळात वर्षाला सरासरी ४ होते, ते या काळात १७ वर गेले. ज्या जनावराला आपली वाट, माणसांच्या वेळा, लपायच्या जागा तोंडपाठ होत्या, ते अनोळखी मुलखात टाकलं जातं. त्याच्या रिकाम्या जागी दुसरं येतं, बऱ्याचदा तरणं आणि नवखं. ‘जंगलातला प्राणी जंगलात सोडला’ म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि त्याचं सगळं शिकलेलं शहाणपण फडातच राहिलेलं असतं.

शिकलेल्या गोष्टीची एक बाजू आपल्या हातातली आहे. चोच बदलायला पिढ्या जातात, खाण्याची सवय एका पिल्लाच्या वाढीतही बदलते. रात्री शेळ्या चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेल्या गोठ्यात, कुत्रं आत, कोंबड्यांची घाण आणि मेलेली जनावरं ओढ्यात न टाकता पुरलेली, पहाटे पाणी द्यायला जाताना दोघं-तिघं मिळून आणि मोबाइलवर गाणी वाजवत, फडाच्या कडेला वाकून खुरपताना पाठीशी कुणीतरी उभं. मी ज्या वस्त्यांवर हे सलग तीन-चार वर्षं टिकलेलं पाहिलंय, तिथे मादी पिल्लांना घेऊन वस्तीपर्यंत यायची थांबते. ऊसपट्टाभर हे कितपत चालेल ते कुत्र्यांची संख्या, वस्त्यांची दाटी आणि गावाची एकी यांवर आहे, हे कबूल.

तुम्हाला एक विनंती. तुमच्याकडे ऊसतोडीत पिल्लं सापडल्याच्या जुन्या नोंदी असतील, अगदी वहीच्या मागच्या पानावरच्या असल्या, तरी जपून ठेवा: तारीख, फड आडसाली होता की खोडवा, पिल्लं किती, मादी परत आली का. जवळ जायचं नाही, पण बांधावरच्या कॅमेऱ्यात बिबट्या आला तर फोटो तारखेसकट ठेवा, डाव्या आणि उजव्या दोन्ही कुशींचे मिळाले तर उत्तम. ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, आणि एकाच्याही दोन्ही कुशी सारख्या नसतात. पंधरा-वीस वर्षांच्या अशा नोंदींतूनच कळेल की उसात कोण टिकतंय, कोणाची पिल्लं जगतायत आणि ती आईवर गेलीत का.